पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवायचंय, सुरुवात कुठून करू?

कर्वेनगरकर
दोन बेडरूमचं बिऱ्हाड कर्वेनगरहून बंगळूरला न्यायचं आहे. हातात ४५ दिवस आहेत. जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. इथे तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे सातवा मजला, लिफ्ट आहे.

सामान: फ्रंट लोड वॉशिंग मशीन, दोन दारांचा फ्रीज, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, हायड्रॉलिक बेड, पार्टिकल बोर्डची दोन कपाटं, काचेचं डायनिंग टेबल, घरघंटी, इन्व्हर्टरची बॅटरी, सुमारे चारशे पुस्तकं, भांडीकुंडी. शिवाय एक कार आणि एक स्कूटर.

तीन कोटेशन आलीत. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. हा फरक नेमका कशाचा? आणि आधी काय उरकावं?

बिल्टीबहाद्दर
कमी कोटेशन बहुतेक पार्ट लोडचं असणार. म्हणजे तुमचं सामान दुसऱ्या दोन-तीन घरांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत. यात सामान आधी त्यांच्या गोडाऊनला उतरतं, मोठी गाडी भरेपर्यंत पडून राहतं, बंगळूरच्या गोडाऊनला परत उतरतं आणि मग छोट्या गाडीतून घरी येतं. घराखाली एकदा चढवणं आणि दारात एकदा उतरवणं, याऐवजी तीन वेळा चढवणं, तीन वेळा उतरवणं.

पुणे-बंगळूर जेमतेम साडेआठशे किलोमीटर. खंबाटकीचा घाट सोडला तर रस्त्यात सामानाला त्रास होईल असं फारसं काही नाही. सामान फुटतं ते हातात. जितके हात लागतील तितकी फूट. म्हणून दोन बेडरूमचं पूर्ण घर असेल तर स्वतंत्र गाडीच घ्या. पार्ट लोड दहा-पंधरा खोके आणि एखाद्या पलंगासाठी ठीक आहे. वेळेचंही तेच. स्वतंत्र गाडी दोन-तीन दिवसांत पोचते, पार्ट लोडला आठवडा सहज जातो.

तिन्ही कोटेशनवाल्यांना हेच प्रश्न लेखी विचारा:
गाडी स्वतंत्र की वाटून? किती फुटी? बंद कंटेनर की उघडी आणि वर ताडपत्री? वाटेत गाडी बदलणार का? जिना उतरवण्याचे पैसे धरलेत का, दोन्हीकडचे? गाडी गेटपर्यंत आली नाही तर छोटा हत्ती (लहान टेम्पो) कोणाच्या पैशाने? जीएसटी धरलाय की वर लागणार? बेड-कपाट सुटं करून तिकडे परत जोडून देणार का? हमाली, 'चहापाणी' धरून का?

उत्तरं आली की दुपटीचा फरक बराच खाली येतो. आणि फोनवर सामान ऐकून दिलेलं कोटेशन हे कोटेशनच नव्हे. माणूस घरी येऊन माळे उघडून बघून गेला पाहिजे. भरतानाचे वाद बहुधा माळ्यावरच्या सामानावरूनच होतात.

शनिपारवाला
गाडीच्या मापाबद्दल थोडं. लांबी × रुंदी × उंची फुटात घ्या आणि गुणा. १८ इंची चौकोनी खोका म्हणजे ३.४ घनफूट, असे ५० खोके झाले १७०. गाद्या, सोफा, फ्रीज, सुटा केलेला बेड असेच मोजा आणि एकूण बेरजेवर १५-२० टक्के पोकळी धरा. १४ फुटी आयशर ट्रकमध्ये ढोबळ ५०० घनफूट बसतं, १७ फुटीत ७०० च्या आसपास. लहान गाडी आली की सामान कोंबतात, फार मोठी आली की मोकळ्या जागेत ते नाचतं. दोन्ही वाईट.

आणि पेठेत राहणाऱ्यांसाठी, कारण हा धागा तेही वाचतील: बोळात १४ फुटी शिरत नाही. मोठ्या रस्त्यावर उभी करावी तर गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी. मग छोट्या हत्तीच्या दोन-तीन खेपा आल्या. कोटेशन घ्यायला येणाऱ्याला बोळाच्या तोंडाशी उभं करून हे दाखवा, नाहीतर भरायच्या दिवशी वाढीव आकडा ऐकाल.

सुतारपक्षी
आधी काय उरकावं, तर न्यायचं काय नाही ते ठरवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

पार्टिकल बोर्डची कपाटं सोडून द्या. त्यात स्क्रूची पकड भुश्याला असते. एकदा काढला की भोक सैल. दुसऱ्यांदा जोडलेलं कपाट उभं राहतं, पण दार लटकतं आणि वर्षभरात बिजागरी भोकासकट बाहेर येते. न्यायचंच ठरवलं तर सैल भोकात फेव्हिकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोका, रात्रभर सुकू द्या आणि मग स्क्रू पिळा. प्लायवूडचं किंवा सागवानी असेल तर प्रश्नच नाही, बिनधास्त न्या.

हायड्रॉलिक बेड: पंप काढायचे ते फळी पूर्ण वर उचललेली असताना. तेव्हा पंप पूर्ण उघडलेला असतो, त्यात जोर कमीत कमी असतो. फळी खाली असताना पिन काढली तर पंप उसळून हाताला लागतो. आणि काढण्याआधी फळीला खालून दोन दांडकी टेकू द्या किंवा एका माणसाला धरायला लावा, कारण पंप सुटला की ती सगळ्या वजनानिशी खाली येते. नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी बेडच्याच फळीला चिकटवा. 'हार्डवेअर' नावाचा वेगळा खोका करू नका, तो सगळ्यात शेवटी सापडतो.

विकायचं ते महिनाभर आधी विकायला काढा. शेवटच्या आठवड्यात घेणाऱ्याला तुमची घाई कळते. लोखंडी, पितळी किरकोळ वस्तू असतील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार आहेच, बुधवारी आणि रविवारी. पण पितळेला भाव घासाघीस केल्याशिवाय मिळत नाही.

मुठाकाठ
पॅकिंग स्वतः करावं का? खर्च बराच वाचतो असं दिसतं.

बिल्टीबहाद्दर
वाचतो, पण विम्याचं कलम वाचा. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट बहुतेक ठिकाणी भरपाईतून वगळलेली असते. म्हणून विभागणी करा. कपडे, पुस्तकं, अंथरुणं, स्टीलची भांडी स्वतः भरा. काच, चिनीमाती, उपकरणं त्यांना भरू द्या आणि समोर उभं राहा.

आजीचा_बंब
समोर उभं राहून काय बघायचं ते मी लिहिते.

खोका पाच प्लायचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या पाच थरांचा हवा. तीन प्लायचा खोका खालच्या थरात दबतो, पावसाळ्यात तर पापडासारखा. तळाला टेप एकच पट्टी नको. मधल्या फटीवर एक आणि दोन्ही कडांवर आडव्या, इंग्रजी एच दिसला पाहिजे. दोन इंची टेप. तळाशी चुरगळलेल्या कागदाची तीन-चार इंच गादी.

ताटल्या उभ्या ठेवायच्या, कडेवर. आडव्या रचल्या की सगळ्यांचं वजन तळच्या ताटलीवर येतं आणि एका गचक्यात तीच जाते. प्रत्येक ताटली कागदात वेगळी, मग पाच-सहांचा गठ्ठा करून पुन्हा कागद. कपांचे कान गुंडाळायचे आधी, मग कप. पेल्यात कागदाचा बोळा घालून उपडे, सगळ्यात वरच्या थरात. वर्तमानपत्र पांढऱ्या क्रोकरीला थेट लावू नका, शाई उतरते. आतला कागद कोरा, बाहेरचा वर्तमानपत्राचा चालेल. खोका बंद केल्यावर हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून कागद कोंबा. आवाज येणारा खोका फुटणारा खोका.

पुस्तकांना छोटा खोका, एक फुटी चौकोनी. वजन १५ किलोच्या वर जाऊ देऊ नका. चारशे पुस्तकं म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, दहा-बारा खोके झाले. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमाल तो उचलत नाही, ढकलतो. तुमच्याकडे तर तीन जिने आहेत.

किराणा दुकानातले फुकट खोके टाळा. तेलाचे असतील तर डाग, मसाल्याचे असतील तर वास, आणि कोणतेही असले तरी पुठ्ठ्याच्या फटीत झुरळाची अंडी. नवे खोके, बबल रॅप, पुठ्ठ्याचा रोल रविवार पेठेत, बोहरी आळीकडे घाऊक भावात मिळतो.

घरघंटी: जाळी काढून वेगळी गुंडाळा, पिठाचा कप्पा झाडून कोरडा करा. पीठ राहिलं तर पावसाळी हवेत तीन दिवसांत आंबूस वास आणि किडे. तसंच मिक्सरचं भांडं मिक्सरवर बसवून पाठवू नका, कपलर तुटतो.

पाव_इंच
उपकरणांचं एकत्र लिहितो.

वॉशिंग मशीन, फ्रंट लोड. मागच्या बाजूला बोल्टची भोकं असतात, मॉडेलप्रमाणे तीन किंवा चार. मशीन नवं आलं तेव्हा त्यात ट्रान्झिट बोल्ट होते, इन्स्टॉल करणाऱ्याने काढून तुम्हाला दिले. शोधा. सापडले नाहीत तर त्याच मॉडेलचे सर्व्हिस सेंटरकडून मागवा, आजच मागवा, यायला वेळ लागतो. आतला ड्रम स्प्रिंगला टांगलेला असतो. बोल्ट नसले तर वाटभर तो हेलकावे खातो, शॉक अॅब्सॉर्बर जातो किंवा ड्रम बॉडीवर आपटतो. खाली पुढे छोटं झाकण आहे, त्यातला फिल्टर फिरवून साठलेलं पाणी काढा. पसरट ताट ठेवा, लिटर-दोन लिटर निघतं. तिकडे पोचल्यावर बोल्ट काढायला विसरू नका. बोल्टसकट स्पिन केलं तर मशीन खोलीभर चालायला लागतं.

फ्रीज. आदल्या दिवशी बंद, दारं उघडी, बर्फ वितळवून मागचा पाण्याचा ट्रे रिकामा. काचेचे कप्पे बाहेर काढून वेगळे गुंडाळायचे. गाडीत उभाच. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. घरी आल्यावर उभा करून किमान चार तास तसाच ठेवा. वाटेत आडवा केल्याचा संशय असेल तर एक दिवस.

एसी. इथे पैसे वाचवू नका. नुसता पाना लावून नळी सोडणारा मेकॅनिक गॅस हवेत सोडून मोकळा होतो. पद्धत अशी: कूलिंगवर सगळ्यात कमी तापमानाला लावून कॉम्प्रेसर पाचेक मिनिटं चालू द्यायचा. मग आऊटडोअरवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह अॅलन कीने बंद. गॅस आऊटडोअरमध्ये ओढला जातो. गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्याशी आला, साधारण मिनिटभरात येतो, की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मेन स्विच बंद. मग नळ्या सोडायच्या आणि चारही तोंडांना टोप्या किंवा टेप. आत ओलावा गेला की संपलं. मेकॅनिकला 'पंप डाऊन करता का' विचारा आणि मीटर लावला का बघा. तांब्याची नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळायची, दुमडली तर टाकून द्यावी लागते. तिकडे बसवताना व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. आतला गॅस थोडा सोडून हवा बाहेर काढण्याची शॉर्टकट पद्धत आर-३२ गॅसला नको, तो पेट घेऊ शकतो.

टीव्ही. उभा. मूळ खोका असेल तर सोन्याहून पिवळं. वर काही नको, समोर टोकदार काही नको. भिंतीवरचा स्टँड आणि त्याचे स्क्रू काढून पाठीला चिकटवा.

बॅटरी. १५० एएचची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची असते आणि आत अॅसिड. टोकांना रबर किंवा जाड टेप, उभी, वर काही न ठेवता, कपड्यांच्या खोक्यांपासून लांब. तीन वर्षांहून जुनी असेल तर इथेच एक्स्चेंजला देऊन तिकडे नवी घ्या. गाडीभर अॅसिड सांडण्याची भीती डोक्याला कशाला.

पाण्याचा फिल्टर. टाकी रिकामी करा, पण आरओ मेम्ब्रेन एकदा ओला झाला की सुकू द्यायचा नसतो. तोंडं बंद करून ओलाच ठेवा. तुमच्याकडे नुसता यूव्ही असेल तर न्यायच्या आधी तिकडच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) विचारून घ्या. आपलं खडकवासल्याचं पाणी गोडं. बंगळूरच्या बऱ्याच संकुलांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं, तिथे यूव्हीचा उपयोग तोकडा.

मुठाकाठ
डायनिंगच्या काचेवर टेपची फुली मारतात, त्याने काच वाचते का?

सुतारपक्षी
वाचत नाही. फुटली तर तुकडे एकत्र राहतात, एवढंच. काच उभी न्यायची, दोन्ही बाजूंनी थर्माकोल, मग प्लाय किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट, आणि गाद्यांच्या मध्ये. आडवी ठेवली की कोणीतरी वर पाय ठेवतोच.

बिल्टीबहाद्दर
आता विमा, कारण याच ठिकाणी लोक गंडतात.

कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स' म्हणून दीड ते तीन टक्के लावलेले असतात. विचारा, विमा कंपनीचं प्रमाणपत्र मिळणार का, तुमच्या नावाने? नाही म्हणाला तर तो विमा नाही, मूव्हरने स्वतःच्या शब्दावर घेतलेले पैसे आहेत.

किंमत कमी सांगून हप्ता वाचवू नका. चार लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवलंत आणि चाळीस हजारांचं नुकसान झालं, तर त्याच प्रमाणात वीसच मिळणार. बाहेरून ओरखडा नाही पण मशीन चालत नाही, असं नुकसानही बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. म्हणून भरण्याआधी प्रत्येक उपकरण चालू करून व्हिडिओ घ्या, सीरियल नंबरसकट. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं विम्यात येत नाहीत, तुमच्याबरोबर न्या.

बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) असं छापलेलं असेल तर सहीआधी बोला. वाहतूकदार 'कॅरेज बाय रोड' कायदा, २००७ खाली नोंदलेला असला पाहिजे, नोंदणी क्रमांक बिल्टीवर बघा. नुकसान झालं तर त्याच कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर 'बघतो साहेब' ऐकत बसलात तर हे दिवस निघून जातात. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही, ते सूट दिलेल्या यादीत आहे. त्या नावाखाली वाटेत कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. सामानाची सही केलेली यादी ड्रायव्हरकडे असली की पुरे.

आगाऊ रक्कम थोडीच द्या. बाकीची भरल्यावर काही आणि उतरवल्यावर काही, असं लेखी ठरवा. सगळे आधी दिले की गाडी वाटेत 'बंद पडते'.

फॉर्म_अठ्ठावीस
गाड्या. कायमचं जात असाल तर आधी पुणे आरटीओची एनओसी (ना हरकत), फॉर्म २८. त्याबरोबर आरसी, विमा, पीयूसी, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र. थकलेली ई-चलनं आधी भरा, अर्ज तिथेच अडकतो. एमएच-१२ पुणे, एमएच-१४ पिंपरी-चिंचवड. ज्या आरटीओत नोंद आहे तिथूनच.

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. तिकडे कर भरला की महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तिकडची पावती, नवी आरसी जपून ठेवा. वर्षभरातच परत यायचं असेल तर या भानगडीत पडू नका. कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असतील तर बीएच मालिकेचीही (राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर) चौकशी करा.

स्कूटर घरसामानाच्या गाडीत चढवायची तर पेट्रोल पूर्ण काढा, बॅटरीची वायर सोडा, आरसे काढा. रेल्वे पार्सलनेही जाते, तिथेही टाकी रिकामी हवीच. कारमध्ये खोके भरून ती कार वाहून नेणाऱ्या कॅरिअरवर चढवू नका, आतलं सामान विम्यात येत नाही.

शनिपारवाला
बाकीचं झटपट. सिलिंडर गाडीत चढवायचा नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या. ते दाखवून तिकडे कनेक्शन. मूळ व्हाउचर हरवलं असेल तर आत्ताच सांगा. पाइप गॅस असेल तर शेवटचं रीडिंग घेऊन मीटर बंद करण्याचा अर्ज, अनामत तिथेही आहे.

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला परराज्यात जाणार असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे नव्या शाळेला विचारा. तिकडून खेप मारायला नको.

फ्लॅट स्वतःचा असून भाड्याने देणार असाल तर मिळकतकराकडे बघा. पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला आहे. भाडेकरू बसला की ती जाते, भाडं ठरवताना हे धरा.

आणि सोसायटीचं पत्र, दोन्हीकडचं. तिकडच्या संकुलांत सामान चढवायची वेळ ठरलेली असते, काही ठिकाणी रविवारी परवानगीच नाही. गाडी शनिवारी संध्याकाळी पोचली तर सोमवारपर्यंत गेटबाहेर. शहरातही दिवसा मोठ्या ट्रकवर निर्बंध आहेत. म्हणून इथून निघायचा वार तिकडच्या वारावरून मोजा.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे आभार. कपाटं विकायला काढली, ट्रान्झिट बोल्ट मागवले. दोन शंका उरल्या. कैरीचं लोणचं आत्ताच घातलंय, दोन बरण्या. आणि गॅलरीतली तुळस, मोगरा, कढीपत्ता.

आजीचा_बंब
लोणचं चिनीमातीच्या बरणीतून काढून रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरा, वर दोन बोटं जागा सोडा. ताजं लोणचं फसफसतं, झाकणापर्यंत भरलं तर तेल बाहेर येणारच. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, बाहेरून टेप, मग पिशवी, पिशवीला गाठ, आणि उभं करून कारमध्ये पायाशी. ट्रकमध्ये नको. बरणी रिकामी, धुऊन, कोरडी करून आत कापडं कोंबून पाठवा.

कुंड्या ट्रकमध्ये तीन दिवस अंधारात राहतात आणि मातीचं वजन तुम्ही भाड्याने नेता. कुंड्या शेजारी द्या. मोगऱ्याच्या वीतभर फांद्या छाटा, टोकं ओल्या कापडात, वर पिशवी. पावसाळ्यात कलम लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या सुकवून चोळा आणि बी पुडीत घाला. कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटवे आले असतील तर एक मुळासकट काढून घ्या. छाटलेल्या फांदीपासून तो सहसा रुजत नाही.

पाव_इंच
एक राहिलं. शेवटी गाडीत जो खोका चढतो तो आधी उतरतो. त्यात पाना, स्क्रू ड्रायव्हर, बेडची पिशवी कुठल्या फळीला आहे त्याचा फोटो, एक्स्टेंशन बोर्ड, दोन बल्ब, टॉयलेटचा मग, चहाचं पातेलं. आणि यादीवर सही करताना खोके मोजूनच करा. फुटलेला दिसला तर 'खोका क्र. २३ ओला, कोपरा दबलेला' असं बिल्टीच्या प्रतीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या, फोटो काढा. 'सामान मिळालं' एवढंच लिहून दिलंत की नंतर भांडायला कागद उरत नाही.